मालकाचा खांदा

(सोलापूर जिल्हा, भीमेच्या काठावरचा एक जुना घाट. १९७८ सालचा मे महिना, सकाळचे दहा वाजलेले. नदी आटून मधल्या धारेपुरती उरली आहे. काठ खणून केलेल्या उतरत्या चरात एक मोठी सागवानी नाव, तिच्याखाली आडवे गोल ओंडके. तिच्या तोंडापुढं, वरच्या अंगाला, ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली, तिला लावलेल्या चढाच्या फळ्या.)

सिद्धनाथ : न्हाय. काढा ती ट्रॉली, परत लावा.

बाळासो : आता काय झालं? तिसऱ्यांदा लावलीय त्यानं.

सिद्धनाथ : चवथ्यांदा लावंल. काय बिघडलं? चाकांसाठी दोन खड्डे खणलेत ते काय शोभेला? चाकं खड्ड्यात बसली की ट्रॉलीचं बूड खाली येतंय आन नावेला चढ कमी पडतोय. तुमचा डायवर चाकं काठावर ठेवून बिडी वडाय उतरला.

बाळासो : ए गुरुसिद्धप्पा! घे की जरा मागं! काय सांगू, दुधनीचा माणूस, निम्मं समजतं, निम्मं डोक्यावरनं जातं.

सिद्धनाथ : थांबा. गुरुसिद्धप्पा! हिंदक! हिंदक... आनी वाईच हिंदक... साक! बगा, बसली. कानडीत सांगितलं की त्याला समदं समजतंय. तुमी वराडता, सांगत न्हाईसा.

बाळासो : सिद्धनाथराव, मला अंधार पडायच्या आत करमाळ्याच्या अंगाला पोचायचंय. धरणाचं पाणी पसरलंय तिकडं, गावं दोन बाजूला पडलीत, लोक नावेची वाट बघतायत. इथं तर पूल झाला. इथं कोण बसतंय आता नावेत?

सिद्धनाथ : सिद्धनाथराव! पाच वर्सांमागं सिद्ध्या हुतो म्या. नदी आटली आन माजं नाव वाढलं की वो.

बाळासो : जुनं काढू नका. कामाचं बोला.

सिद्धनाथ : कामाचंच बोलतोय. वीस हात नाव हाय, सत्तर मणाच्या खाली वजन न्हाय. तोंड ट्रॅक्टरकडं. नावेचा जड भाग ट्रॉलीच्या आसावर न्हाय, आसाच्या हातभर फुडं आला पायजे. मागं पडला तर ट्रॉलीचा हूक वर उठतोय, ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांची पकड सुटती, मंग उताराला गाडी कुटं जाईल ते तिचं तिलाच ठावं. लई फुडं गेला तर हूक मोडतोय. हातभर म्हंजे हातभर.

बाळासो : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दोन मिस्त्री येऊन बघून गेले. एक म्हणाला, क्रेन आणा. दुसरा म्हणाला, नाव कापून दोन तुकडे करा.

सिद्धनाथ : त्याला आदी कापाय पायजे हुता. माज्या बानं बांधली ही. कुटली फळी कुटं वाकती ते मला झोपंत ठावं हाय. आता माजं दोन गोष्टींचं ऐका, मंग दोराला हात लावू.

बाळासो : बोला.

सिद्धनाथ : नाव हालाय लागली की आवाज एकट्याचा. माजा. म्या वड म्हनलो की वडायचं, गप बसलो की समद्यांनी गप ऱ्हायाचं. मालकानं बी.

बाळासो : मान्य. दुसरं?

सिद्धनाथ : नाव घाटावरनं कायमची निगती, तर मालकाचा खांदा मागल्या बुडाला लागतो. रीत हाय.

बाळासो : माहीत आहे मला. नारळ फोडतो, हात लावतो, झालं.

सिद्धनाथ : हात न्हाय, खांदा. ट्रॉलीवर टेकस्तवर. आन पाचर बी मालकानंच सारायची. दर वडीला नाव फुडं गेली की मागल्या ओंडक्याला पाचर.

बाळासो : अहो, चिखल आहे त्या चरात! सोळा माणसं आणलीत ती कशाला?

सिद्धनाथ : ती दोरावर. माजं खरं वाटत नसलं तर त्यो मायाप्पा बगा सगळ्यात फुडं उबा हाय, त्याला इचारा. त्याच्या आज्याची नाव गेली तवा आज्यानं खांदा दिला न्हवता. लोक अजून बोलत्यात. तितं नव्या पाण्यावर नवी माणसं बसणार हाईत हिच्यात. उद्या कुणी म्हनलं, नाव रीतीनं आली न्हाय, तर कोण पाय ठेवंल?

बाळासो : बरं बाबा, बरं. चपला काढतो, धोतर खोचतो. नारळ कुणाकडं आहे बघतो. तोवर तुमचं दोराचं उरकून घ्या.

तानाबाई : भावजी, पाणी घ्या.

सिद्धनाथ : ठेव तितं. तू कशाला आलीस उनाची?

तानाबाई : त्यो चरात उतरणार?

सिद्धनाथ : उतरंल. चारचौगांम्होरं न्हाय कसं म्हनंल? निवडणुकीला उबा ऱ्हायाचं हाय त्याला.

तानाबाई : आन ह्यो दोर?

सिद्धनाथ : वडायचा दोर सोळा जणांकडं. ह्यो रोखायचा. ह्या लिंबाच्या बुंध्याला दोन वेढे दिलेत. माणसं दम खायाला थांबली की समदी नाव ह्याच्यावर. शेपूट माज्या हातात.

तानाबाई : म्हंजे तुमी मूठ ढिली केली तर...

सिद्धनाथ : तर नाव मागं येती. चर नावेएवढाच रुंद हाय, दोन्ही अंगाला मातीची भिताडं. खाली गुडघाभर चिखल. पळाय जागा न्हाय.

तानाबाई : मंग करा की ढिली.

सिद्धनाथ : हळू बोल.

तानाबाई : का हळू? माजा नवरा खाल्ला त्यानं. आठ माणसं आनी खाल्ली. त्या दिशी पूर आंब्याच्या बुडापर्यंत आलता, तरी नाव लोटली. तुमचा परवाना गेला, ही नाव त्याच्या घशात गेली. मला रांडमुंड केलं आन वर माज्याच दारात येऊन गळा काडून रडला मेला. पाच वर्सं म्या देवाला एकच मागती, ह्याला एकदा चिखलात बगू दे. आज देवानं आणून ठेवलाय तुमच्या दोराखाली. सोडा. दोर सरकला म्हना. सत्तर मणाचं काम हाय, सरकतोय कवा कवा.

सिद्धनाथ : मला त्याचा जीव नगं.

तानाबाई : मंग काय पायजे?

सिद्धनाथ : तोंड पायजे त्याचं. पोती कुणाची हुती, नाव लोट कोण म्हनलं, आन म्या पेला हुता का, एवढं त्यानं सांगायचं. सोळा माणसांच्या म्होरं. मेल्यावर कोण सांगणार?

तानाबाई : त्याच्या तोंडातनं खरं निगंल व्हय? काय बी बोलंल. कुणाचं बी नाव घील. नगा त्याला बोलाय लावू, भावजी.

सिद्धनाथ : तानाबाई, पोरं माज्या मागनं झिंगल्यागत चालत्यात. आडवी तिडवी. म्या वळून बगितलं की हसत्यात. लगनात पंगतीला बसलो की शेजारचा माणूस वास घेतोय. उब्या जल्मात थेंब न्हाय शिवलो. मला ते धुवून पायजे. बाकी तो जगू दे न्हायतर मरू दे.

तानाबाई : धुवून काय मिळणार? गेलेली माणसं यायची हाईत?

सिद्धनाथ : तुला ग काय झालंय आज? तुजी जाऊ सोजर गेल्यापासनं दोन येळची भाकरी तू घालतीस. माजं दुक तुला सांगाय लागतंय व्हय? सर मागं. आला त्यो.

बाळासो : झालं, नारळ फुटला. सांगा, कुठं उभं राहू?

सिद्धनाथ : बुडाच्या मदोमद. उजवा खांदा फळीला. पाय रोवा. पाचर डाव्या हाताशी. रुतलं?

बाळासो : रुतलं की! गुडघ्यापर्यंत गेलो मी.

सिद्धनाथ : मंग हलू नगा. मायाप्पा! समदी तयार? हां... वडा रंऽ... हेऽ वड! हेऽ वड! हेऽ वड! बास! पाचर!

बाळासो : लावली!

सिद्धनाथ : तोंड फळीवर चढलं. डाव्या अंगाचा ओंडका सरळ करा. नाव वाकडी चढली तर ट्रॉलीत वाकडीच बसंल, मंग कोण सरळ करणार, तुमचा काका? असं. चरबी लावा त्याला. हां... वडा रंऽ... हेऽ वड! हेऽ वड! बास! पाचर!

बाळासो : लावली, लावली! अहो, खांद्याला लागतंय हे.

सिद्धनाथ : लागणारच. सागवान हाय, मऊ गादी न्हाय. हां... हेऽ वड! हेऽ वड! आनी एकदा, हेऽ वड! बास! मायाप्पा, दम खावा. निम्मी चढली. वडायचा दोर सोडा खाली, हात मोकळे करा. म्या धरलीया.

बाळासो : पाचर... सिद्धनाथराव, पाचर बसत नाही. ओंडका चिखलात गेलाय. पाचर निसटतीय!

सिद्धनाथ : ऱ्हाऊ द्या मंग.

बाळासो : राहू द्या? मग नाव कशावर उभी आहे?

सिद्धनाथ : माज्यावर.

बाळासो : बरं... ओढा म्हणा मग लवकर.

सिद्धनाथ : ...

बाळासो : सिद्धनाथराव? अहो, आवाज द्या की.

सिद्धनाथ : देतो. आदी तुमी द्या.

बाळासो : मी कशाचा आवाज देऊ?

सिद्धनाथ : त्या दिशी नावेत एकेचाळीस माणसं हुती. वर कांद्याची तीस पोती. पोती कुणाची?

बाळासो : ही काय वेळ आहे का? मायाप्पा! धरा रे तो दोर! ओढा!

सिद्धनाथ : त्यो न्हाय धरायचा. आवाज एकट्याचा. तुमीच मान्य म्हनलात. मायाप्पा, बसा खाली समदी. पाणी प्या. मालकाला कायतरी सांगायचं हाय.

बाळासो : हे बघ, तू मला... पोलिसात देईन मी तुला!

सिद्धनाथ : द्या की. चरातनं वर या आन द्या. पोती कुणाची, बाळासो?

बाळासो : अरे, नाव हलली! नाव मागं सरकली!

सिद्धनाथ : बोटभर सोडली. अजून हातभर दोर हाय माज्याकडं. पोती कुणाची?

बाळासो : माझी! माझी होती!

सिद्धनाथ : मोठ्यानं. मायाप्पा कानानं कमी हाय.

बाळासो : पोती माझी होती! तीस पोती! झालं?

सिद्धनाथ : म्या काय म्हनलो हुतो?

बाळासो : नको म्हणाला होतास.

सिद्धनाथ : कसं नको म्हनलो?

बाळासो : दोन्ही हात आडवे करून नावेसमोर उभा राहिलास. म्हणालास, माणसं न्या न्हायतर पोती न्या, दोन्ही न्हाय. मी तुला बाजूला ढकलला, तुझ्या भावाला सुकाणूवर बसवला. जोतीराम भिडस्त होता. मला नाही म्हणाला नाही.

सिद्धनाथ : भाऊ एकटा जाईल म्हनून म्या चढलो. ऐकलंसा, मायाप्पा? ऐका. ह्यो माणूस पाच वर्सं खरं गिळून बसला हुता, आज चिखलानं वर काढलं त्याच्या पोटातनं. आता शेवटचं. म्या दारू पेलो हुतो का?

बाळासो : सिद्धनाथ, माझा खांदा गेला बघ. वर घे, मग सांगतो.

सिद्धनाथ : म्या दारू पेलो हुतो का?

बाळासो : ते मला कशाला विचारतोस?

सिद्धनाथ : तुला न्हाय तर कुणाला इचारू? चौकशीचा साहेब घाटावर आला, कागद झाला, कागदात लिवलं, नावाडी प्यालेला हुता. तूच लिवून दिलंस.

बाळासो : मी नाही लिहून दिलं.

सिद्धनाथ : खोटं बोलू नगंस. दोर जाईल.

बाळासो : आईशपथ मी नाही! माझ्या सहीचा जबाबच घेतला नाही साहेबानं. म्हणाला, घाटाच्या ठेकेदाराचा काय जबाब घ्यायचा, घरच्या माणसाचा पाहिजे.

तानाबाई : भावजी, सोडा दोर! सोडा त्याला! खोटारडा हाय त्यो!

सिद्धनाथ : तू गप ऱ्हा. कुटल्या घरच्या माणसाचा?

बाळासो : ती सोड सोड का म्हणतीय, विचार तिला.

तानाबाई : त्याचं नगा ऐकू! मराय लागलाय, कायबी बोलतोय! सोडा की!

सिद्धनाथ : तानाबाई, हिकडं बग. त्याच्याकडं न्हाय, माज्याकडं.

तानाबाई : माजा आंगठा हाय, भावजी.

बाळासो : सिद्ध्या! दोर! नाव आली! सिद्ध्या, आली अंगावर... धर! धर रं देवा!

सिद्धनाथ : धरला. धरला, वराडू नगंस.

बाळासो : छातीला टेकलीय... श्वास घेता येईना...

सिद्धनाथ : घे थोडा थोडा. तानाबाई, कशापायी?

तानाबाई : चवथ्या दिशी आला ह्यो. जोतीरामाचं मडं सापडलं नव्हतं अजून. म्हनला, साहेबाला एक माणूस पायजे. सुकाणूवर जोतीराम हुता, दोष त्याच्यावर जाणार. आठ माणसं बुडिवणारा म्हनून कागदात नाव चढंल. रुद्राणीला कोण करून घील, आठ जणांचा जीव घेतलेल्याची पोर म्हनतील. न्हायतर म्हन, थोरला पेला हुता, त्यानं हिसका दिला, नाव कलंडली. थोरला जित्ता हाय, सोसंल. मेल्याला सोसवत न्हाय. असं म्हनला.

सिद्धनाथ : आन तुला पटलं.

तानाबाई : म्या चार दिस अन्न शिवलं नव्हतं. कागद फुडं केला, बोट धरलं, शाईत बुडिवलं. मला वाचाय येतंय व्हय?

सिद्धनाथ : वाचाय येत नसलं तरी काय लिवलंय ते ठावं हुतं.

तानाबाई : व्हय. ठावं हुतं.

बाळासो : सिद्धनाथ, ऐक. हळू बोलतोय, आंगठ्याचं तिकडं लांब बसलेल्यांना ऐकू गेलं नाही. पोती माझी होती हे त्यांनी ऐकलं, बास झालं की. दारूचं मोठ्यानं सांगायचं तर आंगठ्याचंही सांगावं लागंल. तुझंच घर उघडं पडंल. तिची पोर लग्नाला आलीय. तू वर ओढ, मी गप, तू गप. त्यात सगळ्यांचं भलं आहे.

सिद्धनाथ : आता भलं आठवलं व्हय तुला. छातीला सागवान टेकल्यावर.

बाळासो : विचार कर. तुझ्या हातात आहे.

सिद्धनाथ : पाच वर्सं म्या तुला मनात किती येळा मारलाय, ठावं हाय? पाण्यात मारलाय, विळ्यानं मारलाय, ह्याच घाटावर दगडानं मारलाय. सकाळी भाकरी खाता खाता मारलाय. आज खरा हातात घावलास तर...

बाळासो : नको, सिद्धनाथ. पाया पडतो.

सिद्धनाथ : आज सोडला दोर तर लोक काय म्हनतील, सांगू? म्हनतील, पेला हुता. हातातनं दोर सुटला. एकदा पिऊन नऊ मारले, दुसऱ्यांदा पिऊन दहावा मारला. तू मरून बी मलाच बुडिवशील.

तानाबाई : मायाप्पा! ओ मायाप्पा! समदी हिकडं बगा! ऐका माजं!

सिद्धनाथ : तानाबाई, थांब.

तानाबाई : न्हाय थांबायची. ह्ये त्याच्या पोटात ऱ्हायलं तर त्याचा माज्यावर हक्क ऱ्हाईल. ऐका! चौकशीत भावजी दारू पेलेलं म्हनून साक्ष दिली ती म्या! आंगठा माजा! भावजींनी थेंब शिवला नव्हता! ह्या बाळासोनं बोट धरून शाईत बुडिवलं, पर बोट माजंच हुतं! ऐकलंसा का? थुंकायचं असलं तर माज्या तोंडावर थुंका, त्यांच्या मागनं झिंगून चालू नगासा!

बाळासो : झालं. आता तरी ओढ. आता काही राहिलं नाही माझ्याकडं.

सिद्धनाथ : मायाप्पा, उटा. का रडाय लागलास रं म्हाताऱ्या? डोळं पूस, दोर धर. धरला समद्यांनी? हां... वडा रंऽ... हेऽ वड! हेऽ वड! सरली. बाळासो, आता ओंडका मोकळा झाला, पाचर सार. सारलीस?

बाळासो : सारली.

सिद्धनाथ : खांदा काडू नगंस. ट्रॉलीवर टेकस्तवर म्हनलं हुतं. हां... हेऽ वड! हेऽ वड! हेऽ वड! हळू... हळू... हातभर आनी... आसाच्या फुडं आली पायजे. हेऽ वड! बास! टेकली. गुरुसिद्धप्पा, हुकाकडं बग, खाली दाबला गेला का? गेला? साक. वर ये, बाळासो.

बाळासो : हात द्या कुणीतरी. अरे, हात द्या की! मायाप्पा?

सिद्धनाथ : न्हाय देत कुणी. भिताडाला धरून ये.

बाळासो : आलो. सदरा फाटला सगळा. हे काय, माणसं निघाली कुठं? अजून फळ्या उचलायच्यात, दोर गुंडाळायचेत!

सिद्धनाथ : त्यांनी टाकलं तितंच दोर. तू गुंडाळ.

बाळासो : मायाप्पा! अरे, जेवण सांगितलंय सगळ्यांचं! ... बघत पण नाहीत. सिद्धनाथ, तू तरी नाव बांधून दे. अर्धवट टाकून जाऊ नकोस.

सिद्धनाथ : अर्धवट काम म्या करत न्हाय. तोंडाला दोन फास, मदी दोन, बुडाला दोन. बुडाचं फास उलटं सुलटं, म्हंजे नाव बाजूला घसरायची न्हाय. धा कोसावर गाडी थांबवा, दोर ढिलं पडत्यात, परत आवळा. गुरुसिद्धप्पाला दावलंय म्या. उताराला गिअरात ठेव म्हनलंय. तुज्यासाठी न्हाय, त्याची बायको दुधनीला वाट बगत असंल म्हनून.

बाळासो : माझ्याबरोबर चल तू. धरणावर. परवाना मी काढून देतो नव्यानं, सुकाणू तुझं. खरंच सांगतो.

सिद्धनाथ : तुज्या नावेत म्या?

बाळासो : तुझ्या बापानं बांधलेली आहे.

सिद्धनाथ : म्हनून नीट चढवली. आता जा. आन बाळासो, ही माणसं सोळा गावांत पावणं रावणं असलेली हाईत. तू पोचायच्या आदी तुज्या तितल्या पाण्यावर पोचंल समदं. खांद्याला हळद लाव, सुजंल.

बाळासो : चल रे गुरुसिद्धप्पा.

तानाबाई : गेला.

सिद्धनाथ : व्हय.

तानाबाई : भावजी, मारा मला. न्हायतर शिव्या द्या.

सिद्धनाथ : ही कळशी घी. पाणी सांडलं निम्मं.

तानाबाई : म्या रोज सांगायचं म्हनायची. भाकरी वाढताना तोंडाशी यायचं. तुमी दुसरी मागायचा आन म्या गिळायची. रुद्राणीचं लगीन हुईस्तवर थांब म्हनलं. मंग तुमाला त्याचा दोर धरल्यालं बगितलं आन वाटलं, आज त्यो मेला तर माजं बी संपलं.

सिद्धनाथ : माज्या हातनं संपवायचं हुतं तुला.

तानाबाई : व्हय.

सिद्धनाथ : आन फाशी मला.

तानाबाई : तेवडं न्हाय सुचलं मला. देवाशपथ न्हाय सुचलं.

सिद्धनाथ : सोजर गेली त्या सांजंला तू उशाशी हुतीस.

तानाबाई : हुती की. पाणी पाजत हुती.

सिद्धनाथ : तिनं मला काय इचारलं?

तानाबाई : भावजी, नगा.

सिद्धनाथ : तुज्या तोंडानं सांग. काय इचारलं?

तानाबाई : म्हनल्या, आता तरी खरं सांगा, त्या दिशी घेतली हुती का?

सिद्धनाथ : म्या काय सांगितलं?

तानाबाई : न्हाय म्हनलासा. त्यांचा हात धरून म्हनलासा.

सिद्धनाथ : तिला पटलं?

तानाबाई : न्हाय. हात काडून घेतला त्यांनी. भिताडाकडं तोंड केलं.

सिद्धनाथ : खालच्या अंगाला, त्या बाभळीपाशी जाळलं तिला. वाट ठावं हाय न्हवं?

तानाबाई : ठावं हाय.

सिद्धनाथ : मंग जा. सांगून ये तिला.